हेरोदची मिशी

मानसी धुरीला शाळेच्या रंगमंचावर मुलगी म्हणून कधी कोणी पाहिलं नव्हतं. बोरिवलीतली ही कॉन्व्हेंट फक्त मुलींची, आणि मानसी पहिलीपासून वर्गात सगळ्यांत उंच. नाताळच्या नाटकात उंच मुलीला मिशी लावायची, हा तिथला न लिहिलेला नियम. ती आधी मेंढपाळ झाली, मग उंटावरून येणारा राजा, मग वर्षानुवर्षं योसेफ. नाजूक मानेची मरिया दर वर्षी बदलायची, नवरा मात्र तोच.

घरी कोणाला यात वावगं वाटत नव्हतं. तिचे आजोबा सीताराम गावच्या दशावतारात बायकांची कामं करायचे. ते नववारी नेसून उभे राहिले की गावातल्या बायका पदराची ढब शिकायला यायच्या, असं तिचे वडील दत्ताराम अभिमानाने सांगत. "बापूस बाई झालो, नात पुरुष झाली. आमच्या घराण्याचा नावच ता," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

दहावीच्या वर्षी तिच्या वाट्याला दुष्ट राजा हेरोद आला. मानसीने कुरकुर केली नाही. तिचं लक्ष नाटकानंतरच्या सोशलवर होतं. त्याच संध्याकाळी, शाळेच्याच हॉलमध्ये, दहावीच्या मुलींसाठी गाणी, नाच, बटाटेवडे, वेफर्स, आणि शेजारच्या शाळेतली मुलं. आई अनुपमाने स्वतःच्या जांभळ्या साडीचा गाऊन शिवला होता. मानसीची एकच अट होती: पडदा पडला की मिशी निघाली पाहिजे.

"एकदा तरी मला शाळेत मुलीसारखं दिसायचंय ना, पप्पा."

पप्पांची काळजी वेगळी होती. गेल्या वर्षी योसेफ गव्हाणीवर वाकला आणि त्याची मिशी सुटून नेमकी बाळ येशूच्या ओठांवर पडली. बाळ म्हणजे बाहुली होती, पण मिशी तिला फार शोभली. लोक हसायचे थांबेनात, तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर ब्रिजेट यांनी शाळेची घंटा वाजवली. त्याचा व्हिडिओ धुरींच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर अजून फिरत होता. दत्तारामना ते फार लागलं होतं.

त्यामुळे नाटकाचे कपडे-मिशा पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याचा गोंद त्यांनी नाकारला आणि घरून फणसाचा चीक आणला. मे महिन्यात गावाहून येताना ते काठीला गुंडाळलेला चीक आणतच. ऊब दिली की मऊ होतो आणि मग जन्माचा धरतो. घरातली गळकी बादली, कुकरची मूठ, दत्तारामच्या चष्म्याची काडी, सगळं त्याच्याच भरवशावर उभं होतं. आता मिशीही.

"भूकंप झालो तरी पडूची नाय," ते म्हणाले. "आणि तेल लावलां काय सुटता."

हेरोद ओरडला, सिंहासनावरून उठला, पायरीवर अडखळला, एकदा शिंकलासुद्धा. मिशीचा केस हलला नाही. पहिल्या रांगेत दत्ताराम नाटक बघतच नव्हते, मिशी बघत होते. पडदा पडला तेव्हा त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मग मेकअपच्या खोलीत मिशी निघेना. साबण झाला, गरम पाणी झालं, कोणाचंतरी कोल्ड क्रीम झालं. तेल कुठाय, असं अनुपमाने विचारलं. खोबरेलाची बाटली दहिसरला, घरी, आरशापुढे होती. दत्ताराम रिक्षा पकडायला धावले.

तेवढ्यात अनुपमाने डोकं चालवलं आणि सोशलच्या टेबलावरून तेलकट बटाटेवडा आणून लेकीच्या ओठावर चोळला. मिशी जागीच राहिली, फक्त तिला लसणीचा वास लागला. मानसीचे डोळे भरून आले.

"रडू नको, काजळ ओघळेल," आई म्हणाली. "आधीच मिशी काय कमी आहे?"

सोशल सुरू झाल्यावर कोणी मुलगी हॉलबाहेर रेंगाळलेली सिस्टर ब्रिजेटना चालत नसे. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर मानसी: जांभळा गाऊन, कानात झुमके, आणि हेरोदची पिळदार मिशी. त्यांनी नजर खाली केली नाही, एवढं मात्र खरं.

"आत चल. देवाने जे तोंड दिलंय ते घेऊन चल."

"सिस्टर, मिशी पप्पांनी दिलीय."

तरी जावं लागलं. हॉलमध्ये मुलं एका भिंतीला, वेफर्सजवळ चिकटलेली. मुली दुसऱ्या भिंतीला. मध्ये रिकामी फरशी आणि गाणं. नाचणाऱ्यांच्या मध्ये कंपास बॉक्स मावला पाहिजे असा सिस्टरांचा नियम होता. इथे आख्खी बस मावली असती. मानसी खांबाआड उभी राहिली, पण एवढी उंच मुलगी खांबाआड किती मावणार.

मित्रांनी ढकललेला एक मुलगा फरशी ओलांडून आला. प्रीतम त्याचं नाव, तिच्या खांद्याएवढा.

"खरी आहे?" त्याने विचारलं.

"निघत तर नाहीये."

तो मिशीकडे बघत राहिला. टिंगल करायला आलेला दिसत नव्हता. "मी रोज आरशात बघतो यार. मला एक केस नाही. तुला काय मस्त दिसते."

मानसीला हसू आलं, आणि मिशी पहिल्यांदाच हलली, हसण्याबरोबर. त्याने नाचतेस का म्हणून विचारलं. सिस्टर ब्रिजेट कंपास बॉक्स घेऊन आल्या, मध्ये धरून बघितला, समाधानाने निघून गेल्या. ते बघून बाकीच्या भिंतीही हळूहळू सुटायला लागल्या.

दत्ताराम धापा टाकत हॉलच्या दारात पोचले तेव्हा मानसी मधोमध नाचत होती. डिसेंबरच्या गारव्याने खोबरेल गोठलं होतं, म्हणून दहिसरपासून त्यांनी बाटली काखेत धरून आणली होती. आता ते पातळ झालं होतं. त्यांनी बाटली उंच करून दाखवली.

मानसी दारापर्यंत आली.

"पप्पा, थांबा ना जरा. दोन गाणी राहिलीयत."

दत्ताराम बाहेरच्या बाकावर बसले आणि तेल परत गोठू नये म्हणून बाटली पुन्हा काखेत धरली.