सील लागलं त्या दिवशी

मंचरला एका व्यापारी संकुलात माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. गाळा भाड्याचा. बिल्डरनं इमारतीवर काढलेलं कर्ज थकलं होतं. बँकेला ताबा हवा होता आणि बिल्डरनं पुण्याच्या न्यायाधिकरणातून स्थगिती आणली होती. तारखा पडत राहिल्या. दारावर नोटिसा लागत, काही दिवसांनी वाऱ्यानं फाटून जात. आम्हा भाडेकरूंना त्यांची सवयच झाली होती.

मग स्थगिती उठली. एका सकाळी बँकेचे अधिकारी पोलिसांना घेऊन सील लावायला आले.

"ताई, सामान बाहेर काढा," अधिकारी म्हणाले.

"साहेब, हे सामान न्हाई. हवेचा पंप बंद पडला की मरतील हे मासे."

ते आत आले. गोल्डफिशच्या टाकीसमोर क्षणभर उभे राहिले. मग आपल्या माणसांना म्हणाले, "बाकीचे गाळे आधी घ्या. हा सगळ्यात शेवटी. आणि तोवर लाईट तोडू नका."

वेळ मिळाला, पण न्यायचं कुठं? नवरा गावी, अवसरीला. तेवढ्यात समोरचे गादीवाले रस्ता ओलांडून आले. मूळचे जुन्नरचे मुसलमान, आमची ओळख जाता-येता हसण्यापुरती. म्हणाले, "भाभी, माझी मागची खोली घ्या. गाद्या मी हलवतो." आणि लागलेच कामाला.

बिल्डरही तिथंच उभा होता, स्वतःच्या इमारतीला कुलपं लागताना बघत. मला त्याचा लई राग आला होता. पण त्यानं फोन करून साईटवरचा टेम्पो बोलावला, बाह्या वर केल्या आणि अर्धवट रिकाम्या केलेल्या टाक्या धरू लागला. पाणी हिंदकळून त्याची पँट भिजली. "तुमचा यात काय दोष, ताई?" एवढंच म्हणाला.

नाजूक मासे काही दगावले. बाकीचे संध्याकाळपर्यंत गाद्यांच्या खोलीत पोहायला लागले. निघताना अधिकारी तिकडंही डोकावून गेले. "जगले का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

बँकेचा आणि बिल्डरचा दावा अजून चालूच आहे. कोण खरं, मला कळत नाही. पण कुणी बँकेला किंवा बिल्डरला शिव्या घालायला लागलं, की माझ्याच्यानं त्यात सूर मिसळवत नाही. माझं दुकान आता गादीवाल्यांच्याच खोलीत आहे. त्यांची नातवंडं शाळा सुटली की टाक्यांना नाक लावून बसतात. माशांना खायला तीच घालतात.