मागून कुणी येत नसतं

डोळे मिटलेले, पाठ ताठ, आणि उजवा हात छातीसमोर हवेत डावीकडे-उजवीकडे वळत चाललेला. मधेच खांदाही झुकायचा. शारजातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या लेडीज वेटिंग रूममध्ये ती मला पहिल्यांदा दिसली ती अशी. माझ्या जागी तुम्ही असतात तरी तेच केलं असतंत. मी पर्स उचलून पलीकडच्या मांडीवर घेतली.

"तबियत ठीक है ना?" मी विचारलं. तिने डोळे न उघडता एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. हाताने हवेत एक मोठा गोल घेतला, मग हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.

"राउंडअबाउट में थी, दीदी. बीच में छोड़ नहीं सकती."

ती टेस्टचा रस्ता पाठ करत होती. हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा कळलं. (ती सगळं हिंदीतच बोलायची, सांगताना माझ्याकडून निम्मं मराठी होतं.) बर्फावरच्या शर्यतीत उतारावर जागोजागी काठ्या रोवतात, त्यांना गेट म्हणतात, आणि त्यांच्यामधून वळत वळत खाली यायचं असतं. शर्यतीआधी एकदा हळूहळू घसरत सगळी गेट बघून घ्यायची, मग डोळे मिटून हाताने तो अख्खा उतार मनात उतरायचा. ती तेच शारजाच्या रस्त्यांचं करत होती. स्पीडब्रेकर, शाळा, सिग्नल, सगळं ओळीने.

"म्हणजे तू स्कीइंग करतेस?" मी म्हटलं. आणि माझं जनरल नॉलेज उत्तम आहे असं मला वाटत असल्यामुळे पुढे म्हटलं, "इंडियात कुठे असतं स्कीइंग?"

"इंडियाची चॅंपियन होते," ती म्हणाली. अगदी सहज, आपण 'मी आधी डोंबिवलीला होते' म्हणतो तसं.

माझी बाजूही सांगते. मी मूळची ठाण्याची, लग्नानंतर इथे आले ती आलेच. शारजातच रोल्ला भागात राहते, एका शिपिंग कंपनीत अॅडमिन बघते. ठाण्यात मी लुना चालवत असे, ही माझी एकूण क्रीडा-कारकीर्द. चाळिशी उलटल्यावर मला गाडी शिकायची हुक्की आली, कारण नवऱ्याला प्रत्येक ठिकाणी 'सोडशील का रे' म्हणायचा कंटाळा आला होता. इथलं लायसन्स मिळणं किती अवघड असतं ते गल्फमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. मी कितव्यांदा नापास झाले होते ते विचारू नका. नवऱ्याने विचारायचं सोडलं, तुम्हीही सोडा.

तर त्या वेटिंग रूममध्ये, नंबर लागेपर्यंत, मला तिची कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली. मनालीच्या वरच्या अंगाला तिचं गाव. वडील सफरचंदाच्या बागेत कामाला. त्यांनीच लाकडाच्या फळ्या तासून, पुढून वाकवून, वर जुने गमबूट ठोकून तिच्या पहिल्या स्की बनवल्या. गावातली सगळी पोरं अशाच फळ्यांवर शाळेत जायची, त्यामुळे आपण काही खेळतोय हे तिला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. मग कुणीतरी तिला स्पर्धेला नेलं, उसन्या स्की दिल्या, आणि ती पहिली आली. पुढची काही वर्षं पहिलीच येत राहिली.

"केवढ्या जोरात जायचीस?" मी विचारलं.

"रोड पे अस्सी का बोर्ड होता है ना, उतना."

मी साठला सीटची कड धरते. आणि माझ्याभोवती निदान पत्रा असतो.

एकदा तिला युरोपात पाठवलं. तिथला बर्फ काचेसारखा टणक, आमच्याकडचा मऊ, असं ती म्हणाली. "काय झालं मग?" तर म्हणे, "नीचे से दूसरी आई. जो नीचे थी, वो गिर गई थी." हे सांगताना ती इतकी हसली की समोरची फॉर्मवाली फिलिपिनो मुलगीही हसायला लागली. मी मात्र सहानुभूतीचा चेहरा करून बसले होते, तो आता कुठे ठेवावा कळेना.

मग गुडघा गेला. एका गेटमध्ये स्की अडकली, पाय तिथेच राहिला आणि ती पुढे गेली. ऑपरेशन झालं, लग्न झालं, मुलगी झाली. नवऱ्याचा विषय तिने काढला नाही. मी तीनदा काढून पाहिला, मग मलाच लाज वाटली. मुलगी तीन वर्षांची असताना तिला गावी आजीकडे ठेवून ती दुबईला आली, मॉलमधल्या त्या बंदिस्त बर्फाच्या डोंगरावर शिकवायला. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत थर्मल घातलेल्या अरबी बायकांना ही सांगतेय, गुडघे वाकवा.

आणि ही बाई, जी ऐंशीच्या वेगाने डोंगर उतरायची, ती रोड टेस्टला नापास होत होती. माझ्याइतकी नाही, पण होत होती. मी नापास व्हायचे कारण माझा पाय ब्रेकवरून उठत नाही. ती गाडी सुरेख चालवायची. सरावाच्या गाडीत ती वळण घ्यायची ते मागे बसलेल्या आम्हाला कळायचंही नाही. पण दर वेळी शेरा एकच, आरसा बघत नाही.

"अगं पण आरसा का नाही बघत तू?" मी वैतागून विचारलं.

तिने खरंच विचार केला. "दीदी, रेस में पीछे से कोई आता ही नहीं. एकटी सुटायचं असतं. मागे बघितलं की गेली." आणि मग तिचं नेहमीचं, "बस, अगला गेट." मी नापास होऊन रडवेली बाहेर आले की ती हेच म्हणायची. नवरा म्हणायचा 'जाऊ दे, टॅक्सी आहे ना', त्यापेक्षा हे बरं वाटायचं.

मला ड्रायव्हिंग जमलं नसतं तर फार तर टॅक्सी होतीच. तिचं तसं नव्हतं. कंपनीने शाळाशाळांतल्या मुलांना स्कीइंग शिकवायचा कार्यक्रम काढला होता. त्यासाठी शारजा, अजमान, दुबई असं शाळांमध्ये हिंडावं लागणार, म्हणून लायसन्स हवं. ती जागा मिळाली की पगार वाढणार, खोली घेता येणार, आणि मुलीचा व्हिसा होणार. शाळा उघडायच्या आत लायसन्स आणलं तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्याची.

"मुलगी विचारते का, कधी नेतेस म्हणून?" मी एकदा विचारलं.

"आधी रोज विचारायची," ती म्हणाली. "अब नहीं पूछती." मी घाईघाईने डब्यातली चकली काढून तिच्या हातावर ठेवली.

त्या सुमारास तिने मला एक पास दिला. मी मॉलमध्ये गेले, भाड्याचं जाकीट घातलं, ते बूट घातले, जे घातल्यावर माणसाला उभंही राहता येत नाही, आणि लहान मुलांच्या उतारावर गेले. गेले म्हणजे नेली गेले. मी पडले. उठले, पडले. मग उठायच्या आधीच पडले, हे कसं जमलं ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या शेजारून एक चार वर्षांचं पोर सुळकन गेलं आणि त्याच्या आईने काचेपलीकडून माझा फोटो काढला. ती मात्र माझ्याशेजारी शांत उभी होती. "पडता छान येतं तुम्हाला," म्हणाली. "बहुत लोग डर के गिरते हैं. तुम्ही मोकळेपणी पडता." आयुष्यात खेळाबद्दल माझं एवढंच कौतुक झालंय.

शाळा उघडायच्या आधीची शेवटची टेस्ट आली. योगायोगाने आमच्या दोघींचा नंबर एकाच गाडीत लागला. इथे परीक्षक पुढे बसते, एक उमेदवार चालवते, बाकीच्या मागे आपली पाळी येईपर्यंत बसतात. मग मी एक योजना काढली आणि तिचा मला फार अभिमान होता. मी मागच्या सीटवरून खोकायचं. एक खोकला म्हणजे आरसा. आदल्या संध्याकाळी घरी सरावही केला. माझी लेक हेडफोन काढून म्हणाली, "आई, प्लीज, यू साउंड लाइक अ गोट."

माझा नंबर आधी लागला. परीक्षक काळ्या अबायातल्या एक पोक्त बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. मी आरसा बघितला, सिग्नल दिला, सगळं केलं, आणि राउंडअबाउटपाशी थांबले. डावीकडून कुणी येत नव्हतं. मी तरी थांबले. लांबवर एक पाण्याचा टँकर दिसत होता, म्हटलं तो जाऊ दे. बाईंनी घड्याळ बघितलं. "मॅडम," त्या म्हणाल्या, "वुई आर वेटिंग फॉर हू?"

मी घाबरून निघाले ती थेट त्या टँकरच्या पुढ्यात. बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. "खलास," त्या म्हणाल्या. "चेंज."

मी मागे येऊन बसले आणि ती पुढे गेली. माझं काय झालं ते कळायला निकालाची गरज नव्हती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे ऐकेनात, आणि एवढी घोडी होऊन रडतेय याचंच जास्त रडू येत होतं. तेवढ्यात तिने लेन बदलायला सिग्नल दिला आणि मला माझी योजना आठवली. मी खोकले. रडत असल्यामुळे तो खोकला भलताच आला.

परीक्षक बाई वळल्या. "यू सिक?"

"नो, मॅडम."

"देन नो कॉफ."

झालं. माझी योजना पहिल्याच खोकल्यात गारद. आता ती पुन्हा आरसा विसरणार, मुलगी तिकडे, ही इकडे, आणि मी मागे मठ्ठासारखी बसलेली. या विचाराने मला आणखीनच रडू फुटलं. मी रुमाल तोंडात कोंबला. पुढचं मी धड पाहिलंच नाही.

ती पास झाली.

ऑफिसच्या पायऱ्यांवर ती कागद धरून उभी होती. मी धावत गेले, मिठी मारली, आणि अर्थातच म्हटलं, "बघ, खोकल्याने काम केलं ना?"

"खोकल्याने एकदा," ती म्हणाली. "शीशे में देखा, तो आप रो रही थीं. मग दर थोड्या वेळाने बघावं लागलं. बंद झालात का, अजून रडताय. तुम्ही तर थांबेचनात, दीदी." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आता ती रडायला लागली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं दोघीही नापास झाल्या. एकीने टिश्यू आणून दिले.

भारताच्या स्कीइंगला माझा हातभार काय, असं कुणी विचारलं तर हा आहे. मी मागच्या सीटवर रडले.

आता ती शारजात नाही. दोन वर्षांनी मोठी जागा मिळून ती अबू धाबीला गेली, आणि आम्ही 'भेटू या, इन्शाल्ला' म्हणत राहिलो, ते सगळे म्हणतात तसंच. मला अजून लायसन्स मिळालेलं नाही. वेटिंग रूममध्ये आता नव्या मुली असतात, त्या मोबाइल बघत बसतात. परवा मी डोळे मिटून हवेत हात फिरवून बघितला, तर शेजारच्या मुलीने पर्स उचलून पलीकडे घेतली. मला तिची इतकी आठवण आली की माझा नंबर पुकारला तो ऐकूच आला नाही.

पण तिची आठवण म्हटलं की मला विमानतळच दिसतो. टेस्टनंतरच्या वर्षी मुलगी यायची होती त्या दिवशी ती स्वतः गाडी घेऊन निघाली आणि सोबतीला मला नेलं. आजीकडे पासपोर्ट नव्हता, म्हणून पोर एकटीच आली, एअरलाइनच्या एका मुलीचा हात धरून. सहा वर्षांची, गाल लाल, अंगात घरी विणलेला स्वेटर. ऑगस्टमध्ये. तिने आईकडे बघितलं आणि त्या एअरलाइनवालीच्या मागे लपली.

"अगं जा ना, उचल तिला," मी म्हटलं. माझ्याच्याने बघवेना.

ती गेली नाही. चार पावलांवर खाली बसली, त्यांच्या पहाडी भाषेत हळूच काहीतरी बोलली. मग उभी राहिली, दोन्ही हात मुलीकडे पसरले, आणि एक पाऊल मागे टाकलं. मॉलमध्ये काचेतून मी पाहिलं होतं, घाबरलेल्या लहान मुलांपुढे ती अशीच उताराकडे पाठ करून, हात पुढे धरून उलटी सरकायची. हात लावायचा नाही, फक्त समोर राहायचं. पोरीने एक पाऊल टाकलं. तिने आणखी एक मागे टाकलं.

अशा त्या दोघी अख्ख्या हॉलमधून निघाल्या. मी ट्रॉली घेऊन तिच्या पाठीमागच्या गर्दीत घुसले. "भाईसाब, ज़रा साइड... हबीबी, एक्स्क्यूज मी... अहो, सरका ना." एका माणसाच्या पायावर मी ट्रॉली घातली. ती एकदाही वळली नाही. काचेचं दार उघडलं, बाहेरची गरम हवा अंगावर आली, तरी ती तशीच उलटी चालत होती, आणि पोर तिच्या चेहऱ्याकडे बघत तिच्यामागोमाग येत होती. पार्किंगच्या कडेला एक पायरी होती, ती सांगायची मी विसरले. तिचा दुखरा पाय अडखळला, आणि पोरीने झटकन पुढे येऊन तिचे दोन्ही हात धरले.