उसनं पाणी

आमच्या विहीरवाल्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि ह्या ‘कुणाच्या’त ते स्वतःही आले. शेतकी कॉलेजात त्यांना मोठं नाव आणि मोठी खुर्ची होती म्हणतात. पाटोद्याकडच्या आमच्या डोंगरगावात मात्र ते विहीरवाले सरच. ‘कशावरून?’ हा त्यांचा रामराम. नऊ वाजले म्हणा, कशावरून? म्हैस व्यायला झाली म्हणा, कशावरून? एका लग्नात नवरदेवाच्या बापानं कौतुकानं सांगितलं, “पोराला सुपारीचंबी व्यसन न्हाई.” सर अक्षता मुठीत धरून त्याच्याकडं वळले आणि भर मांडवात विचारते झाले, “कशावरून?” भटजींची पुढची ओळ घशातच राहिली.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे थर्मामीटर ठेवत. तापाचा नव्हे, मातीचा. तो वावरात खुपसायचा, पँटीला पुसायचा आणि आलेल्या चहात बुडवायचा. “साठ. थांबू जरा.” आमच्या सोसायटीचे चेअरमन अण्णा, त्यांच्या बायकोनं सरांसाठी कप वेगळा काढून ठेवला होता; तळाशी आमचंच वावर उरायचं. आणि ऐन दुष्काळात छत्री घेऊन हिंडणारा माणूस आमच्या तालुक्यानं दुसरा पाहिला नसेल. पोरं विचारायची, “सर, पाऊस कुठं लागला?” पण ती छत्री ते स्वतःवर धरतच नसत. मातीच्या नमुन्याच्या डब्यावर धरत आणि आपण उन्हात. डब्यातली ओल उडायला नको. डोक्यातली उडाली तरी चालेल.

तर अशा माणसाच्या जिवावर आमच्या सीताफळ सोसायटीचा आणि कॉलेजचा करार झाला होता. कॉलेजनं गर काढायचं यंत्र, थंड खोली आणि अक्कल द्यायची. आम्ही गावविहिरीचं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं आणि ठरल्यापेक्षा घागरभरही जास्त उपसायचं नाही. आमच्या डोंगराचं सीताफळ पूर्वी पाटीत भरून जायचं आणि पुढं भलत्याच गावाच्या नावानं विकलं जायचं. आता ते आमच्या नावाच्या डब्यातून जाऊ लागलं होतं. आम्ही तीस बाया त्या कामावर होतो. करार मोडला की यंत्र परत, आणि आम्ही कोयता घेऊन ऊसतोडीला परत. माझी शाळा आठवीतच त्या कोयत्यानं तोडलेली, त्यामुळं करार ह्या शब्दाचीच मला धास्ती. त्यात सरांनी पाण्याची वही माझ्याच हातात दिली. मी म्हणाले, “मला न्हाई जमायचं, सर.” त्यांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी वही घेतली.

सुरुवातीला त्यांनी आम्हाला शाश्वत विकास ह्या विषयावर तासभर भाषण दिलं. भाषण संपल्यावर पुढं बसलेल्या आमच्या चुलतसासूबाई म्हणाल्या, “सायेब, म्हंजी रांजणात सुनंपुरतं ठिवायचं, आसंच ना?” सर गप्पकन खाली बसले. खिशातून चिठ्ठी काढून ते वाक्य लिहून घेतलं, आणि पुन्हा आमच्यापुढं ते भाषण कधीही दिलं नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजची समिती यायची ठरली. करार वाढवायचा की गुंडाळायचा, ते विहिरीवर उभं राहून ठरणार होतं. समिती यायची त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी गाठी मारलेली मोजायची दोरी विहिरीत सोडली. पाणी दीड फूट. वहीत लिहिलं. तासाभरानं घरघर ऐकू आली म्हणून पुन्हा गेले, तर चेअरमन अण्णा स्वतः पाइप धरून उभे. त्यांच्या मेव्हण्याचे चार टँकर चौसाळ्याहून आले होते आणि धो धो विहिरीत रिकामे होत होते.

“अण्णा, हे काय करून बसलाव?”

“कावून, काय झालं? पोरगी बघाया पाव्हणे यायचे म्हणल्यावर शेजाऱ्याची म्हस आपल्या दारात बांधतो का न्हाई आपण? कोरडी हीर दावली तर सरांचं नाक कापलं जाईन. लई केलंय त्यांनी आपल्यासाठी. आता तू येवढंच कर, साडेसहा फूट लिव्ह.”

“आन् सकाळचं?”

“पान फाड.”

पान मी फाडलं नाही. हिंमत म्हणून नव्हे. फाडायला घेतलं तर त्याच पानाच्या मागं कालचा आकडा होता. वही पदराखाली धरून मी बायांच्या मागं जाऊन उभी राहिले. गाडी आली. समितीत चष्मा लावलेल्या एक मोठ्या मॅडम आणि दोन साहेब. सर पुढं, छत्री बगलेत, नव्या शिक्षकासारखे हुरळलेले. विहिरीत डोकावण्याआधीच त्यांनी मला हाक मारली, “ताई, आजचा आकडा वाचा.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बाकीच्या एकोणतीस बायांनी पाहिलं. माझ्या डोळ्यापुढं ऊसतोडीच्या फडावरची पाचटाची कोपी उभी राहिली.

“दीड फूट,” मी वाचलं.

मॅडम कठड्यावरून वाकल्या. “पण पाणी तर चांगलंच दिसतंय?”

सरांनी आत पाहिलं, मग माझ्याकडं. “दीड? कशावरून?”

रोज ऐकलेला तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मला चाबकासारखा लागला. “मी सोत्ता दोरी सोडली, सर. सा वाजता. टँकर साताला आले.”

सर पायऱ्या उतरून खाली गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि वर आले. चेहरा काळवंडला होता. मला वाटलं, संपलं. ते मॅडमना म्हणाले, “विहीर खोटी आहे, वही खरी आहे. कशावर सही करायची ते तुम्ही ठरवा. आणि चूक लिहायची तर माझ्या नावावर लिहा. रिकामी विहीर दाखवायला लाजायचं नसतं, एवढं मला दोन वर्षांत ह्यांना शिकवता आलं नाही.”

अण्णा, जे सभेत कलेक्टरला गप्प करत, ते टोपी काढून म्हणाले, “मॅडम, त्यांचं न्हाई, आमचं चुकलं. पाव्हण्यांसाठी म्हस बांधली आमी.” म्हशीचा उलगडा होईपर्यंत थोडा वेळ गेला. उलगडा झाल्यावर मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि माझी वही मागून घेतली. एकेक पान, सगळी दोन वर्षं, उभ्यानंच वाचली. पाणी कमी होत गेलेलं त्यात दिसत होतं, आणि शेजारच्या गावांच्या विहिरी आटल्या तरी आमची तळाला टिकून राहिलेलीही दिसत होती. सरांनी मात्र त्याच वेळी टँकरचं पाणी उपसायला लावून घरोघर वाटून टाकलं. सहीच्या वेळी गावात रांगेत भांडणं चालली होती.

करार एकच वर्ष वाढला, आणि त्यात एक ओळ जादा आली: वही लिहिणाऱ्या बाईला गर टिकवायचं शिकायला पाठवावं. म्हणून मी आज कर्नाटकातल्या ह्या कॉलेजच्या आवारात आहे. इथं मला भाषा येत नाही, भाकरी मिळत नाही, आणि बाकीच्या मुली पदवीच्या आहेत. रोज वाटतं, आज कुणीतरी ओळखणार की ही आठवी शिकलेली.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा गावात यायची आहे. अण्णांनी फोनवर सांगितलं, “पाणी सव्वा फूट हाय. तसंच दावणार.” पण सर नसतील. ते निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडं गेलेत, दहाव्या मजल्यावर. परवा मी फोन केला. उपकार वगैरे बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. विचारलं, “करमतंय ना, सर? चोवीस तास नळ असंल तिकडं.”

“असतो,” ते म्हणाले. “पण ते पाणी कुठून येतं, हे इथं कुणालाच ठाऊक नाही, ताई. मी सगळ्यांना विचारून पाहिलं.”

आपापल्या परमुलखात आम्ही दोघं; फोन कानाला तसाच लावून मी आवारातल्या नळापाशी गेले आणि तिथल्या माळ्याला खुणांनी विचारू लागले, हे पाणी कुठून येतं.