उतारावरची डिकी

इस्त्रीवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पावसाळ्यात डोळ्यांआधी कान उघडत. पत्र्यावर टपटप ऐकू आली की तो अंथरुणातून दाराशी, दारातून खिडकीशी, खिडकीतून पुन्हा दाराशी.

"तुम्ही बघत राहिलात म्हणून थांबणार आहे का तो?" बायको पडल्या पडल्या म्हणायची. "चहा तरी टाका."

चहा झाला की तो इस्त्री तापवायचा. कपडे लॉजचे. चादरी, अभ्रे, टॉवेल. तो इस्त्री फिरवायचा, ती उभ्याने घड्या घालायची. तिचा उजवा गुडघा पार झिजला होता, डॉक्टरांनी नवा बसवून घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यासाठी लॉजचं काम वर्षभर टिकायला हवं होतं. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या शर्ट-पँटवर घर चालायचं, गुडघा चालला नसता.

आणि काम टिकेल असं दिसत नव्हतं. लॉजवर चादरी मोजून घेणाऱ्या बाईंनी दोनदा गठ्ठे परत पाठवले होते. वरच्या चादरींवर पाण्याचे डाग. गठ्ठे तो आपल्या गाडीच्या डिकीतून न्यायचा. बंद डिकी कोरडी ठणठणीत असायची. पण पावसात तिचं झाकण वर उचललं की छतावरचं पाणी मागच्या कडेवरून थेट गठ्ठ्यांवर. प्लास्टिकमध्ये बांधायची सोय नव्हती. गरम घडी प्लास्टिकमध्ये घाम धरते आणि उघडेपर्यंत चुरगळते.

"काका, ओल्या चादरी घेऊन मी काय करू? गिऱ्हाइकाला सांगू, अंगाखाली वाळव?" बाई म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा झालं तर काम मशीनवाल्यांकडे जाईल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मेव्हण्याचं गॅरेज होतं. त्याने छताच्या मागच्या कडेला रबरी पट्टी चिकटवून दिली. पाणी अडेल आणि दोन्ही बाजूंनी उतरेल, असा हिशेब.

"दाजी, आता डिकीत झोपलात तरी चालेल."

इस्त्रीवाला खरंच डिकीत जाऊन बसला. घरासमोरच्या रस्त्यावर, गुडघे हनुवटीला लावून. बायकोने बादलीतलं पाणी तांब्याने छतावर ओतलं आणि झाकण उचललं. पाणी बाजूंनी गेलं. आत थेंब नाही.

"बाहेर या आता. शेजारी बघतायत," ती म्हणाली. "म्हणतील, बायकोने नवऱ्याला विकायला काढला."

तो हसला नाही. अजून एक बादली ओतायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मुसळधार. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ली खिशात असून शोधली. एक अभ्रा दोनदा इस्त्री केला. शेवटी बायको चप्पल घालून गाडीत जाऊन बसली.

"मी येते. तुम्ही वाटेत कुणाला तरी ठोकाल."

लॉजचं मागचं दार तळघरात होतं, मोठ्या उताराच्या तळाशी. तो नेहमी गाडी उलटी लावायचा. मागे मागे घेत डिकी अगदी दाराला भिडवायची, गठ्ठा उचलायचा की दारात. फुकटची पायपीट त्याला पटत नसे. तशीच लावली. उतरून झाकण वीतभर उचललं, तोच पट्टीमागे साचलेलं पाणी एका दमात पट्टी ओलांडून आलं आणि त्याच्या बाहीत शिरलं. त्याने झाकण धाडकन आपटलं. गठ्ठ्यांवर टाकलेलं जुनं फडकं तेवढं भिजलं.

तो पुढे येऊन खिडकीशी उभा राहिला. "घरी पाणी येत नाही, इथेच येतं. वैरी आहे गाडी."

बायको सीटवर मागे रेलली होती. "अहो, मी आरामखुर्चीत बसल्यासारखी मागे पडलेय. पुढे वाकायचं तर दाराला धरावं लागतंय. मग पाणी नाही का मागे पडणार?"

त्याने गाडीकडे पाहिलं. तोंड वर, शेपूट खाली. घरासमोरचा रस्ता सपाट होता.

"सरळ लावली तर गठ्ठे गाडीला वळसा घालून न्यावे लागतील. पावसातून."

"मग न्या. माझ्याकडे छत्री आहे."

त्याने गाडी वर नेली, वळवली आणि तोंड खाली करून उतरवली. झाकण वीतभर उचलून थांबला. मागच्या काचेवरचं पाणी निथळू दिलं. मग पूर्ण उचललं. छतावरचं पाणी पुढच्या काचेवरून वाहत होतं. झाकणाच्या कडेचे थेंब त्याच्या मानेवर पडले. गठ्ठे कोरडे.

तिने गठ्ठ्यांवर छत्री धरली, लंगडत, प्रत्येक खेपेला. तो चिंब भिजला. बाईंनी वरची चादर चाचपली, मधली चाचपली.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

पुढे तिला रोज येणं जमलं नाही. एका हातात छत्री म्हणजे एका खेपेला एकच गठ्ठा. खेपा दुप्पट झाल्या. घरी आला की तो त्याबद्दल कुरकुर करायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी सरळच लावायचा.

काम वर्षभर टिकलं. ऑपरेशनच्या दिवशी तो इस्पितळाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता.

"काका, बसा की," नर्स म्हणाली. "गुडघा त्यांचा बसवतायत, चाचणी तुम्ही का घेताय?"

तो बाकावर टेकला आणि पुन्हा उठला. संध्याकाळी तिला बाहेर आणलं. पांघरुणाखाली उजवा पाय जाड पट्ट्यांत होता. लॉजच्या चादरींच्या कमाईतून आलेला गुडघा त्यात होता.