इस्त्री केलेला घरचोळा

ठाण्याहून एस.टी.त बसलो तेव्हा मांडीवर भानूच्या होणाऱ्या सुनेचा घरचोळा (नवरीला सासरकडून मिळणारी लग्नाची साडी) होता. भानू माझा कॉलेजातला मित्र. तीन पिढ्या रोह्यात किराणा; घरात गुजराती, दुकानात अस्सल रोह्याचं मराठी. साडी कच्छातून आलेली. रोह्याला पोहोचवायचं काम माझ्याकडे. हातमागाचं रेशीम, जरीच्या चौकटी, चौकटीत दोऱ्याने गाठी बांधून रंगवलेली नक्षी. एवढं मला ठाऊक होतं. एवढ्यावर माणूस किती फुशारतो!

पेणला उतरलो ते पापडांसाठी. पापड लाटणाऱ्या बायकांच्या ओसरीवर चहा पिताना सहज पुडकं सोडलं, तर काय! साडीचा चोळामोळा झालेला, अंगभर दोऱ्याच्या गाठी.

"अर्धवट माल गळ्यात मारला!" मी ओरडलो.

"दादा, ती तशीच असंल. आदी इचारा कुनाला," लाटणं न थांबवता एक म्हातारी म्हणाली.

"मावशी, मला कळतं हो त्यातलं."

माझ्या हट्टाखातर दोघींनी हात धुऊन साडी दोन बाजूंनी धरली, ओढली, आणि ताडताड दोरे उडाले! मग बाकीच्याही धावल्या. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. लाल रेशमावर पिवळे-पांढरे ठिपके काय सुरेख निघाले! मी समोरच्या लाँड्रीत कडक इस्त्री करून घेतली, वर इस्त्रीवाल्याला सूचनाही दिल्या.

पेणहून गाडीने निघालो. कासूपुढे खाचरांत वाल हिरवागार होता आणि मी स्वतःवर बेहद्द खूश.

रोह्याला भानूची बायको, हंसावहिनी, वाटच बघत होत्या. शेजारी नवरी, सुरेखा. कासूकडच्या शेतकऱ्याची मुलगी. वहिनींनी साडीवरून हात फिरवला.

"भाऊजी, गाठी कुठं गेल्या?"

"काढून टाकल्या. इस्त्रीपण केली."

"बांधणीला इस्त्री नाय करत हो! सुरकुती हीच तिची खूण." वहिनींचा आवाज बारीक झाला. "आमच्या घरची रीत हाय, गाठी सासू-सुनेने समोरासमोर धरून सोडायच्या. दुसऱ्या जातीतली पोर येतेय, दोघी अजून धड बोललोपण नाय. म्हटलं, इथून सुरुवात होईल."

त्यांचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सुरेखा म्हणाली, "गाठी नायत तर बांधू की, आई. मी शेतावर भाताचे भारे बांधते. एक चौकट तर व्हईल."

"मला तरी कुठं येतं बांधायला?"

"दोरा तर आना."

तासभर दोघींची झटापट चालली. "गो, घट्ट आवळ!" "आई, तुमचीच सुटली बगा!" मी मदतीला पुढे सरकलो.

"तुम्ही लांब बसा!" दोघी एकदम ओरडल्या.

सुरकुती धरावी म्हणून बांधलेली चौकट ओली करून, वाळवून दोघींनी ओढली. आवाज यथातथाच झाला, तीन गाठींना तर कात्री लावावी लागली. दोघी मात्र खिदळत होत्या.

लग्न उरकून परतताना मी मनाची समजूत घालत होतो, की माझ्या चुकीनेच सासू-सून जवळ आल्या. छे! सुधारलं त्यांनी, मी निव्वळ बिघडवलं होतं. मांडवात हंसावहिनी येईल त्या पाहुणीला माझी गुळगुळीत साडी सोडून पदराजवळची ती एकच सुरकुतलेली चौकट दाखवत होत्या:

"ही आम्ही दोघींनी बांधली."