हिरव्या पट्ट्या

यवतमाळच्या एका संस्थेत अर्धवेळ कार्यकर्त्यांना कामं वाटून देणारा तो माणूस खुर्चीत कधी टेकायचा नाही. उभ्यानेच पाय हलवत माउस फिरवायचा. पाणी, बचत गट आणि आत्महत्या झालेल्या घरांच्या भेटी अशा तिन्ही प्रकल्पांना माणसं तीच होती. कुणावर जास्त काम पडलं की संगणकावर त्या नावापुढची पट्टी लाल व्हायची. ते त्याला बघवायचं नाही.

कापूसवेचणीत बायका रोज शेतात असतात, बाजाराच्या सुट्टीलाच घरी सापडतात. त्यामुळे घाटंजीच्या बाजारादिवशी सगळ्याच पट्ट्या लाल व्हायच्या. मग तो भेटी पुढे ढकलायचा.

एका बाजारादिवशी घाटंजीची कार्यकर्ती कार्यालयात आली आणि शेजारच्या टेबलावर हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "भाऊ, त्या मायचा लेक गेला, अन् तुम्ही तिची भेट पुढंच ढकलून राह्यले. आता येऊच नका म्हणते ती. तिनंबी काही करून घेतलं तं, असं मले भेव वाटते."

त्याने ती भेट तिच्या पट्टीतून काढली आणि हेल्मेट उचललं. "मी जातो."

"मांगच्या बाजारी दुसऱ्या घरीबी तुम्हीच गेलते. तुमची पट्टी कुठाय?"

"मले कायले पट्टी?" तो हसला. गाडीची किल्ली त्याच्या हातातून दोनदा पडली.

तो गेल्यावर मी त्याच्या संगणकाचा पडदा पाहिला. सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. त्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं.