फोनसमोर जय भीम

चहाचा माहा कप खिडकीबाहेरच्या कठड्यावर उपडा. आत कपाटात बारा कप, एकसारखे. ते मीच घासायची.

"तुझा तिकडं आहे. आणि हसत जा गं जरा, नाहीतर स्टार कापीन," मॅडम म्हणाली. वयानं माह्या धाकट्या सुनेएवढी.

मी हसली. पुढचे दोन दात नाईत, तरी हसली.

चार वर्षं झाली या गोष्टीले. चंद्रपुरात ॲपवर घरकामं घ्यायची मी. वय छप्पन्न, अक्कल पाळण्यातली. काम सुरू करायच्या आधी फोन रोज चेहऱ्याचा फोटो मागे. मी लोकांच्या दारात दात काढून उभी. एकदा ओटा पुसताना बहिणीचा फोन आला. जय भीम म्हटलं. मंग दोन दिवस एकही काम आलं नाई. काऊन? विचारावं कोणाले? तिथं माणूसच नाई. मीच ताडलं, या फोननं ऐकलं.

तेव्हापासून जय भीम बंद, नमस्कार सुरू. घरी फोन तांदळाच्या डब्यात. नवऱ्याशी भांडायचं तर त्याले अंगणात न्यायची अन् कुजबुजत भांडायची. तो बिचारा म्हणे, बाई सुधरली.

एक दिवस भद्रावतीच्या बसची वाट पाहत होती. आमच्या विहारातल्या विमलबाईनं लांबूनच हात जोडले, जय भीम म्हणाली. मी हातातला फोन गच्च दाबून धरला, रडत्या लेकराचं तोंड दाबावं तसा. अन् म्हणाली, "नमस्कार."

ती जवळ आली. आधी फोनकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"तुह्या सासूले या शब्दापायी विहिरीवरून हाकललं, तरी तिनं तो गिळला नाई. तू कोणाले भेऊन राह्यली वो?"

मी फोनवरचा हात सैल केला.

मॅडमचं काम पुन्हा आलं. फोन ओट्यावर ठेवला, तोंड वर करून. कपाटातला कप काढला, चहा ओतला.

"जय भीम, मॅडम. चहा घेईन तर याच कपात."

तिनं माह्यासमोर एकच स्टार दाबला. मी घोट घोट करत कप संपवला, धुतला, बाराच्या रांगेत ठेवून दिला. आता ओळख म्हणावं कोणता.

कामं कमी झाली. त्या स्टारानं की त्या शब्दानं, फोन सांगत नाई. तो ऐकतो हा संशय मले आजही आहे. म्हणूनच रोज सकाळी त्याच्या तोंडावर जय भीम म्हणते अन् मंग ओठ मिटून फोटो देते.

तुले काम बंद करायचं तर कर. शब्द बंद होणार नाई.